माइस्टरचा न झालेला सत्कार

दुभाष्याच्या धंद्यात एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'ते म्हणताहेत की त्यांना वाईट वाटतं' असं नाही. सरळ 'मला वाईट वाटतं'. त्यामुळे इतक्या वर्षांत मी पुष्कळ उद्योग करून बसले आहे. मी यंत्रं विकली आहेत, चाकणला जमीन बघितली आहे, एकदा परदेशी नागरिकांच्या कचेरीत व्हिसासाठी पुरुषी आवाजात गयावया केली आहे. काम संपलं की घरी येऊन आमटीला फोडणी द्यायची. स्वतःचं मत फोडणीपुरतं.

लोक विचारतात, जर्मन-मराठी दुभाष्याला काम कसं मिळतं? सगळ्यांना इंग्रजी येतं की! साहेबांना येतं. मी ज्या कारखान्याबद्दल सांगणार आहे तो जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहराबाहेर होता आणि तिथे मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या तयार होत. वरच्या मजल्यावर सगळे इंग्रजी बोलत. पण बिजागऱ्या खालच्या मजल्यावर होत. खालच्या जर्मन माणसाचं इंग्रजी शाळेत सुटलेलं, आणि पुण्याहून आलेल्या फिटरचंही तसंच. या दोघांच्या मध्ये उभं राहायला मी. दोन हजार पाच-सहाचा सुमार. कारखान्याने बिजागऱ्यांची अख्खी लाइन उचलून पुण्याला न्यायचं ठरवलं होतं. ती जोडायची कशी, चालवायची कशी, बिघडली की काय करायचं, हे शिकायला पुण्याची मंडळी आली होती. शिकवणार होते तेच लोक, ज्यांचं काम त्या लाइनबरोबर जाणार होतं. साहेबांच्या भाषेत याला 'ज्ञानाचं हस्तांतरण' म्हणत. खाली त्याला काही नाव नव्हतं.

पुण्याचे प्रमुख होते प्रसाद कुलकर्णी, तिशीतले, हुशार, घाईत असलेले. बरोबर शिंदे म्हणून एक फिटर, प्रसादपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. प्रसाद त्यांना 'शिंदे' म्हणायचा, ते त्याला 'सर' म्हणायचे आणि मला दोघेही 'ताई'. शिकवणारा मुख्य माणूस मानफ्रेड. त्या विभागाचा माइस्टर, म्हणजे कामगारांतूनच वर आलेला, परीक्षा देऊन उस्ताद झालेला माणूस. निवृत्तीला काही वर्षं राहिलेली. शरीराने कपाट, मिशा पिवळट, बोलणं मोजकं.

पहिल्या आठवड्यात मानफ्रेडने आम्हाला घरी कॉफीला बोलावलं. रांगेतलं टुमदार घर, मागे लॉन, दारात मोठी गाडी, तिच्यामागे सुट्टीत ओढून न्यायची फिरती खोली. भिंतीवर त्याचे आणि बायकोचे, इंग्रिडचे, स्पेनच्या किनाऱ्यावरचे फोटो. शेजारच्या घरात दातांचे डॉक्टर. दोघांच्या बागांमधलं कुंपण मानफ्रेडने आणि डॉक्टरांनी मिळून रंगवलेलं. परत येताना बसमध्ये प्रसाद मागे वळून त्या रांगेतल्या घरांकडे बघत होता.

"ताई, हा नक्की कोण?" त्याने शेवटी विचारलं. "म्हणजे ऑफिसर की वर्कर?"

"माइस्टर."

"ते कळलं हो. पण आपल्याकडच्या हिशोबात?"

आपल्याकडच्या हिशोबात तो बसत नव्हता. हात काळे आणि घर डॉक्टराशेजारी. कारखान्यात घाम गाळून दंतवैद्याबरोबर कुंपण रंगवता येतं, ही त्या देशाने युद्धानंतर केलेली सगळ्यात सुबक वस्तू होती असं माझं मत आहे. बिजागरीपेक्षाही सुबक. पण तिला तडे गेले होते. मानफ्रेडची मुलगी दुसऱ्या एका कारखान्यात लागली होती, तीही थेट नाही, माणसं भाड्याने पुरवणाऱ्या कंपनीमार्फत. तेच काम, तोच पट्टा, शेजारच्यापेक्षा कमी पगार आणि दर काही महिन्यांनी नवा करार. कॉफी ओतता ओतता इंग्रिडने हे सांगितलं तेव्हा मानफ्रेड बागेकडे बघत होता.

आता झाडूची गोष्ट. शुक्रवारी काम संपताना त्या कारखान्यात प्रत्येक जण आपापली जागा झाडायचा. पहिल्या शुक्रवारी मानफ्रेडने प्रसादच्या हातात झाडू दिला. प्रसादने तो राष्ट्रध्वज धरावा तसा धरला. शिंदे हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आले.

"सर, सर, द्या इकडे! मी करतो."

मानफ्रेड मध्ये उभा राहिला. "नाइन. ती त्याची जागा. तुमची ती तिकडे."

मी भाषांतर केलं. शिंद्यांना घाम फुटला. "ताई, त्यांना सांगा ना, सर इंजिनिअर आहेत."

सांगितलं. मानफ्रेडने विचार केला. "मग त्याला आणखी चांगलं जमायला पाहिजे," तो म्हणाला.

प्रसादने झाडलं. वाईट झाडलं, पण झाडलं. त्याच्या बाजूने हे सांगायला हवं की पुढच्या शुक्रवारी त्याने स्वतःहून झाडू घेतला. फक्त मला म्हणाला, "ताई, फोटो नको हं. आई बघेल."

मधल्या काळात फ्रँकफुर्टहून एक सल्लागारबाई आल्या. दोन संस्कृतींची ओळख करून देणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी पडद्यावर हिमनग दाखवला, टोक म्हणजे दिसणारी संस्कृती, बाकीची पाण्याखाली, आणि जर्मन कामगारांना सांगितलं की भारतीय माणूस 'हो' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'बघू' असा असतो. मग पुण्याच्या मंडळींना सांगितलं की जर्मन माणूस वेळ पाळतो. शिंदे मला हळूच म्हणाले, "हे सांगायला बाई विमानाने आल्या का?" मी म्हटलं, ट्रेनने. सगळ्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं. मलाही, मी दोन्ही संस्कृतींमध्ये उत्तीर्ण आहे.

खरी अडचण हिमनगावर नव्हती. लाइन गेल्यावरही जुन्या गाड्यांसाठी सुटे भाग पुरवायला एक छोटी तुकडी इथे राहणार होती. मूठभर जागा. कोण राहणार हे कामगारांनी निवडलेलं मंडळ, ज्याला बेट्रीब्सराट म्हणतात, आणि कंपनी मिळून ठरवत होती. मानफ्रेडची जागा त्यात धरलेली आहे असं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मानफ्रेड पुण्याच्या लोकांना मन लावून शिकवत होता हेही सगळे बघत होते. बाकीचे विचारलं तेवढंच सांगायचे; तो न विचारलेलंही सांगायचा. या दोन गोष्टी लोकांनी जोडल्या. तो कॉफीच्या यंत्रापाशी आला की बोलणं थांबू लागलं. जेवायच्या वेळी सगळे जण एकमेकांना 'माल्त्साइट' म्हणतात, जसं आपण जेवताना म्हणतो 'सावकाश होऊ द्या'. त्याला तेही कोणी म्हणेना. हाइके म्हणून जुळणीच्या पट्ट्यावर एक बाई होती, उंच, आखूड केसांची, तोंडाने फटकळ. वर्षानुवर्षं मानफ्रेडबरोबर काम केलेली, त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलेली. तिने त्याच्याशी बोलणंच सोडलं.

मी एकदा त्याला विचारलं, सरळ विचारण्याचा माझा अधिकार नसताना, की तू एवढं का शिकवतोस?

"मला अर्धवट शिकवता येत नाही," मानफ्रेड म्हणाला. "प्रयत्न केला. जमत नाही."

अशा हवेत प्रसादने बॅगेतून शाल काढली.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये समारोप होणार होता. प्रसादने पुण्याहून येतानाच दोन शाली, दोन पुणेरी पगड्या आणि श्रीफळं आणली होती. एक संच इथल्या कारखान्याच्या संचालकांना, एक मानफ्रेडला. पुण्याच्या एमडींची तशी सूचना होती, फोटो कंपनीच्या अंकात यायचा होता. मी पुण्यात वाढले आहे. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम नसलेली संध्याकाळ तिथे फुकट गेली असं समजतात. नारळ हातात आलेला माणूस दुसऱ्या हाताने शाल सावरत पगडीखालून हसतो, तेव्हा त्याच्यावर दया करावी असं मला नेहमी वाटतं. पण इथे दयेचा प्रश्न नव्हता.

"प्रसाद, मानफ्रेडला हे सगळ्यांसमोर देऊ नकोस."

"का पण? त्यांनी हात धरून शिकवलं, ताई. माझ्या कॉलेजात कोणी असं शिकवलं नाही. तसाच निघून जाऊ?"

त्याचे डोळे खरे होते. पगडी एमडींची असेल, पण शाल त्याची स्वतःची होती. म्हणून मी म्हटलं, मग त्यालाच विचार. मी भाषांतर करते.

हॉलच्या कोपऱ्यात मानफ्रेडची काचेची खोली होती. आम्ही तिघे तिथे गेलो. प्रसादने सांगितलं, आमच्याकडे गुरूंचा सत्कार करतात.

"म्हणजे काय करतात?"

"खांद्यावर शाल घालतात. हातात नारळ देतात. डोक्यावर पगडी."

"आणि मग?"

"मग फोटो."

"आणि मग?"

प्रसाद अडखळला. "मग चहा," शिंद्यांनी मदत केली.

मानफ्रेडने मिशीवरून हात फिरवला. "हे कधी करतात? माणूस काम करत असताना, की त्याचं काम संपल्यावर?"

प्रसाद प्रामाणिक मुलगा. "बहुतेक वेळा... निवृत्त होताना."

"गेनाऊ," मानफ्रेड म्हणाला. अगदी बरोबर. मग तो काचेतून बाहेर बघत बोलू लागला आणि मी त्याच्यामागून 'मी' म्हणत गेले. "बाहेर म्हणतात, मी आपल्याच माणसांना विकून माझी खुर्ची वाचवली. आणि मी संचालकाच्या शेजारी नवी शाल पांघरून उभा राहू? माझं घर इथे आहे. शनिवारी मी याच लोकांबरोबर पत्ते खेळतो. खेळत होतो. मी मेल्यावर शवपेटी उचलायला हेच येणार आहेत. नाही आले तर इंग्रिडने कोणाला बोलवायचं?"

हे मराठीत म्हणताना माझा आवाज मला नको तितका माझा वाटला. प्रसादचा चेहरा उतरला.

"मला सुचलंच नाही हो, ताई. आम्ही... म्हणजे काहीच न करता जायचं?"

हे तो मला म्हणाला होता. पण खोलीत बोललेलं सगळं पोचवायचं असतं. मी पोचवलं.

"आल्झो," मानफ्रेड म्हणाला. जर्मन माणूस या शब्दाने बाह्या सरसावतो. "आमच्याकडे उलटं असतं. जो शिकून निघतो, जो विभाग सोडून जातो, तो बाकीच्यांना खायला घालतो. आउसश्टांट म्हणतात. सकाळच्या सुट्टीत, इथेच यंत्रांजवळ. स्वतःच्या हाताने वाढायचं."

"काय असतं त्यात?" शिंद्यांनी विचारलं. त्यांना पहिल्यांदाच जमण्यासारखं काही ऐकू आलं होतं.

"पाव. त्यावर डुकराचा कच्चा खिमा. वरून चिरलेला कांदा."

मी शब्दशः सांगितलं. शिंद्यांनी डोळे मिटले.

"कच्चा, ताई?"

"कच्चा."

"शिजवला तर चालेल का विचारा ना," प्रसाद म्हणाला.

"शिजवला तर त्याला अर्थ नाही," मानफ्रेड म्हणाला.

शिंद्यांनी डोळे उघडले. "पाव ठेवू. कांदा ठेवू. मधलं आमचं."

"आणि कोणी आलंच नाही तर?" प्रसादने विचारलं.

"मग मी खाईन," मानफ्रेड म्हणाला.

त्या शुक्रवारी पहाटे त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिंद्यांनी वडे तळले. धुराचा भोंगा वाजला, खालची म्हातारी वर आली, वडा घेऊन खाली गेली. कढीपत्ता मिळाला नव्हता म्हणून शिंदे कष्टी होते. बेकरीतून कडक कवचाचे गोल पाव आले, लसणाची चटणी घरून आणलेली होतीच. सकाळच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा यंत्रांच्या मध्ये एका लांब बाकावर कागद अंथरून सगळं मांडलं होतं.

कोणी आलं नाही. लोक नेहमीच्या जागी बसले आणि आपापले डबे उघडले. मानफ्रेड एकटा बाकापाशी उभा राहून खात होता, घाई न करता.

तेव्हा प्रसादने जे केलं ते कोणत्याही सल्लागारबाईला सुचलं नसतं. त्याने परात उचलली आणि लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरतो तसा तो निघाला. माणसामाणसापुढे वाकून, "घ्या, एक घ्याच." मी मागोमाग भाषांतर करत. जर्मनीत 'नाइन डांके', म्हणजे 'नको, धन्यवाद', म्हटलं की विषय संपतो. पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारणं असभ्य, तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे छळ. प्रसादला हे माहीत नव्हतं. "घ्या हो, एकाने काय होतंय? शिंद्यांनी पहाटे उठून केलेत." मी हे जर्मनमध्ये म्हटलं. त्या हॉलमध्ये असलं वाक्य पूर्वी उच्चारलं गेलं नसावं. पहिल्या माणसाने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घाबरून घेतला. शेजाऱ्याने तो खाताना पाहिला आणि पहिल्या आग्रहातच घेतला. मग परात हलकी होऊ लागली. कोणीतरी पाणी मागितलं. कोणीतरी, "माल्त्साइट, मानफ्रेड," असं तोंडात वडा असतानाच म्हणालं.

हाइकेने घेतला नाही. प्रसादने जेवढा आग्रह शक्य होता तेवढा केला. ती उठली आणि हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मानफ्रेड, तुझी जागा पक्की झाली का?"

शिंद्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी भाषांतर करू लागले. माझी नोकरीच ती.

मानफ्रेडने हात पुसले. "झाली होती. मी सोडली. काल बेट्रीब्सराटला सांगितलं."

"आणि?"

"आणि मी पुण्याला जातोय. दोन वर्षं, लाइन लागेपर्यंत. माझ्या जागेवर कोण राहील हे ते मंडळ ठरवेल, मी नाही."

"यंत्रांबरोबर जातोस म्हणजे."

"हो. कोणीतरी जायला हवं." मग तो जरा चिडून म्हणाला, "असे चेहरे नका करू. मी संत नाही. पगार इथल्यापेक्षा जास्त आहे आणि इंग्रिडला ऊन आवडतं."

कोणी हसलं नाही. हाइकेने परातीतला एक वडा उचलला, पाव न घेता नुसताच, आणि आपल्या पट्ट्याकडे निघून गेली.

मानफ्रेडच्या पुण्यातल्या दोन वर्षांबद्दल इथेच सांगून टाकते, कारण मी सुट्टीत गेले तेव्हा त्याला भेटले होते. बाणेरला त्याला मोठा फ्लॅट मिळाला होता, स्वयंपाकाला बाई, गाडी आणि चालक. ब्राउनश्वाइगमध्ये ज्याची पायरी घसरायला आली होती तो माणूस विमानातून उतरला तोच साहेब होऊन. त्याला ते झेपत नव्हतं. तो चालकाशेजारी पुढे बसायचा. त्या बिचाऱ्याला वाटायचं आपलं गाडी चालवणं तपासताहेत. पहिल्या शुक्रवारी कारखान्यात त्याने झाडू मागितला. झाडणारे दोघे हात जोडून प्रसादकडे गेले, "साहेबांना आवरा, आमची नोकरी जाईल." प्रसादने समजावलं, आणि तिथल्या इंजिनिअरांना झाडायला लावायचा मानफ्रेडचा बेतही हळूच गुंडाळला. "इथे मी कोण आहे ते मला कळत नाही," मानफ्रेड मला म्हणाला. "लोक उठून उभे राहतात. मी काही केलेलं नसतं." शिंद्यांच्या घरी मात्र तो दर रविवारी जेवायला जायचा. दरम्यान शिंद्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला गेला होता, घरावर मजला चढला होता. ब्राउनश्वाइगमधून एक पायरी निघाली ती इथे बसली असं म्हणायचा मोह होतो. पण पायऱ्या बिजागऱ्यांसारख्या मोजून खोक्यात येत नाहीत. त्या प्रवासात काही फुटल्या. मानफ्रेडची मुलगी तेव्हाही भाड्याचीच कामगार होती.

तर त्या शुक्रवारची दुपार. कँटीन भरलं होतं. पुढच्या रांगेत संचालकांच्या शेजारी एक खुर्ची मानफ्रेडसाठी राखून ठेवली होती. प्रसादने दुसरी शाल बॅगेतून काढलीच नाही. एमडींना तो काय सांगणार होता ते त्याचं त्याला माहीत. पहिला संच संचालकांना मिळाला. पगडी त्यांना लहान झाली आणि फार आवडली. ती घालूनच ते भाषणाला उभे राहिले. जागतिक कुटुंब, सामायिक भविष्य, नवी क्षितिजं. पगडीवरचा झुपका प्रत्येक क्षितिजाला हलत होता. मी बाजूला उभी राहून पुण्याच्या मंडळींसाठी 'मी' म्हणत होते: मला या कुटुंबाचा अभिमान आहे. शिंदे नारळाकडे बघत होते. तो आता कोण फोडणार याची त्यांना काळजी लागली असावी.

मानफ्रेड उशिरा आला. दारात उभा राहिला. संचालकांनी भाषण न थांबवता हाताने त्याला पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे बोलावलं. लोक वळून बघू लागले. मानफ्रेडने खुर्चीकडे पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला, दाराला टेकून, दोन्ही हात खिशात.

मागच्या रांगेत हाइके बसली होती. तिने मान वळवली नाही. फक्त शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि खाली पायाशी ठेवली.

मानफ्रेड जाऊन बसला.